२८ युनिट वीज आणि २ किलो टीएनटी : रेलगनचा जमिनीवरचा हिशेब

रेलगनच्या चाचणीची चित्रफीत पाहिली की एक प्रश्न हमखास येतो. तोफेत दारू नाही, सगळं काम विजेवर चालतं, मग गोळ्यामागे एवढा जाळ कसला? तो जाळ म्हणजे जळणारं ॲल्युमिनियम आणि ओरबाडून निघालेला धातू. दर फैरीला तोफेची नळी थोडी थोडी जळून बाहेर पडते, आणि आपण त्यालाच ताकदीचं लक्षण समजून टाळ्या वाजवतो.

अमेरिकन नौदलाने २००५ साली हा प्रकल्प गांभीर्याने हाती घेतला आणि २०२१ मध्ये थांबवला. मधल्या काळात सुमारे ५० कोटी डॉलर खर्च झाले. व्हर्जिनियातल्या डालग्रेनला १० डिसेंबर २०१० रोजी ३३ मेगाज्यूलची फैरी झाडली गेली, तो या सगळ्याचा कळस. तोफ चालली यात वादच नाही. प्रश्न असा आहे की समुद्रातून जमिनीवर मारा करायचा असेल तर ती क्षेपणास्त्राची जागा घेऊ शकते का. माझं उत्तर नाही असं आहे, आणि त्याचं मुख्य कारण नळीत सापडत नाही, गोळा जिथे पडतो तिथे सापडतं. पण आधी नळीतच डोकावू.

रेलगनमधली ‘रेल’ म्हणजे अक्षरशः रूळ. तांब्याच्या मिश्रधातूचे दोन समांतर रूळ, त्यांच्यामध्ये दोन्हींना घट्ट टेकलेला ॲल्युमिनियमचा तुकडा, त्याला म्हणतात आर्मेचर. वीज एका रुळातून जाते, आर्मेचरमधून पलीकडे जाते, दुसऱ्या रुळातून परत येते. या वेटोळ्याच्या आत चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ते आर्मेचरला पुढे ढकलतं. गोळा आर्मेचरच्या पुढे बसवलेला असतो. ढकलण्याचं बल विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं आणि नळीच्या रचनेवर अवलंबून असतं. ती रचना फारशी बदलता येत नाही, म्हणून बल हवं तर प्रवाहच वाढवावा लागतो.

किती? १० किलोचा ऐवज सेकंदाला २.५ किलोमीटर वेगाने बाहेर काढायचा तर ३१ मेगाज्यूलच्या थोडी वर गतिज ऊर्जा लागते. नळी १० मीटर धरली तर सरासरी सव्वातीनशे टनांचा रेटा आणि त्यासाठी साधारण ३५ लाख अँपिअर. घरातल्या मुख्य स्विचचा एमसीबी ३२ किंवा ४० अँपिअरला पडतो, म्हणजे हे आकडे कुठल्या गावचे आहेत ते कळेल. गोळा नळीत असतो जेमतेम ८ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात त्याला सरासरी ३२,००० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ३२,००० पट, त्वरण सोसायचं असतं.

गंमत म्हणजे वीज फार लागत नाही. कार्यक्षमता ३० टक्के धरली तर एका फैरीला १०० मेगाज्यूल, म्हणजे आपल्या वीजबिलाच्या भाषेत २८ युनिट. मध्यमवर्गीय घराची तीन-चार दिवसांची वीज. अवघड काय, तर ती ८ मिलिसेकंदांत सोडणं. म्हणून मध्ये वीज साठवून एकदम सोडणाऱ्या कपॅसिटरची रांगच्या रांग लागते. डालग्रेनला त्यासाठी स्वतंत्र इमारतीइतकी जागा होती. जहाजासाठी तीच रांग कंटेनरमध्ये कोंबायचे प्रयत्न पुढे झाले.

आता बिघडतं काय ते बघू. पहिलं दुखणं संपर्काचं. आर्मेचर स्थिर असताना प्रवाह सगळीकडून वाहतो. वेग वाढला की तो संपर्काच्या मागच्या कडेला गोळा होतो, कारण पुढच्या ताज्या रुळात शिरायला त्याला वेळच मिळत नाही. ती कड वितळते, वितळलेलं ॲल्युमिनियम वंगणासारखं काही काळ चालतं, मग फट पडते आणि धातूच्या जागी विजेचा चाप पेटतो. या क्षणाला जाणकार ‘ट्रान्झिशन’ म्हणतात. चाप पेटला की रुळाचा पृष्ठभाग गेलाच म्हणून समजा. दुसरं दुखणं ओरखड्यांचं. एका ठरावीक वेगानंतर आर्मेचरखालचा बारीकसा उंचवटाही रुळात अश्रूच्या थेंबाच्या आकाराचा खड्डा पाडतो, आणि पुढच्या फैरीला तोच खड्डा नव्या खड्ड्याचं निमित्त होतो. तिसरं, रूळ एकमेकांना ढकलतात. वरच्या प्रवाहाला दर मीटरमागे हा दाब हजार टनांच्या घरात जातो. नळी बांधून ठेवणारं आवरण विद्युतरोधकही हवं आणि पोलादासारखं ताठही हवं. हे दोन्ही गुण एका पदार्थात सहसा नांदत नाहीत. चौथं, गोळा सुटल्यावर नळीत उरलेली चुंबकीय ऊर्जा तोंडाशी ठिणगी होऊन बाहेर पडते आणि नळीचं टोक खाते.

धक्क्याची मात्र उगाच भीती घातली जाते. धक्क्याचं माप म्हणजे वजन गुणिले वेग: १० किलो गुणिले २,५०० म्हणजे २५,००० न्यूटन-सेकंद. अमेरिकन विनाशिकांवरची साधी ५ इंची तोफ ३२ किलोचा गोळा ८०० मीटर वेगाने फेकते, तिचाही गुणाकार तेवढाच येतो. जहाजाला तो धक्का ओळखीचा आहे. उष्णता ओळखीची नाही. मिनिटाला १० फैरी हे उद्दिष्ट होतं. दर फैरीला ७० मेगाज्यूल वाया जात असतील तर साडेअकरा मेगावॉट उष्णता सतत समुद्रात टाकायची, आणि तिच्यातला बराच वाटा रुळांतून काढायचा. त्या चालत्या तोफेत पाणी खेळवणं हा वेगळाच उद्योग.

याच हिशेबाने कपॅसिटर भरायला १७ मेगावॉट लागतात. अमेरिकेच्या आर्ली बर्क वर्गाच्या विनाशिकेवर, फ्लाइट टू-ए प्रकारात, ३ मेगावॉटचे तीन जनित्र असतात, आणि त्यांच्यावर रडारपासून स्वयंपाकघरापर्यंत सगळं चालतं. त्याच जहाजाची चार मुख्य टर्बाइनं ७० मेगावॉटहून जास्त ताकद देतात, पण ती थेट गिअरबॉक्समधून पंख्याकडे जाते. तिला वीज बनवायची सोय नाही. आपल्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या विशाखापट्टणम वर्गाच्या विनाशिकांचीही, त्यात मुरगाव आली, हीच तऱ्हा: चार टर्बाइनं, यांत्रिक जोडणी. रेलगन बसवायची तर सगळी ताकद आधी विजेत बदलणारं जहाज हवं. असं जहाज अमेरिकेने बांधलं, झुमवॉल्ट, ७८ मेगावॉटचं. त्याच्याकडे पुढे येतो.

आता गोळा पडतो तिथे जाऊ. नळीतून निघालेल्या १० किलोतलं आर्मेचर आणि बाजूच्या आवरणाचे तुकडे लगेच गळून पडतात. प्रत्यक्ष उडणारा बाण ७ किलोचा धरू. १८० किलोमीटर अंतर तो चार-पाच मिनिटांत कापतो, पण हवा वेग खाते. जमिनीवर आदळताना सेकंदाला १.६ किलोमीटर उरला असं समजा. ऊर्जा येते ९ मेगाज्यूल. टीएनटी या स्फोटकाच्या एका किलोत ४.२ मेगाज्यूल असतात. म्हणजे ३५ लाख अँपिअरचा सगळा खटाटोप करून शत्रूच्या अंगणात पोचतात २ किलो टीएनटीएवढी ऊर्जा. टॉमहॉक या अमेरिकन क्रूझ क्षेपणास्त्राचं स्फोटकशीर्ष ४५० किलोच्या वर्गातलं असतं.

यावर उत्तर दिलं जातं की गतिज ऊर्जा एका रेषेत जाते, ती भोक पाडते. बरोबर. काँक्रीटच्या विमानघरात भोक पडेल, आणि आतलं विमान त्या भोकाच्या रेषेत उभं असेल तर जाईल. नसेल तर वैमानिक भोकातून येणारा उजेड बघेल. टंगस्टनच्या गोळ्यांचा सडा पाडणारा बाण रडार, वाहनं, इंधनाचे टँकर यांना पुरतो. पूल, धक्का किंवा जमिनीखालचं कोठार यांना तो पुरत नाही. आणि गतिज ऊर्जेवर रेलगनचा मक्ता आहे असंही नाही. ब्रह्मोससारखं स्वनातीत क्षेपणास्त्र हिशेबापुरतं २ टनांचं आणि आदळताना ध्वनीच्या दुप्पट वेगाचं धरा. स्फोटक बाजूलाच ठेवलं तरी आकडा ४५० मेगाज्यूलच्या पुढे जातो, रेलगनच्या पन्नासपट.

त्यात नेमकेपणाची अडचण. नळीच्या तोंडाशी एक मिलिरेडियनची, म्हणजे हजार मीटरला एक मीटरची, चूक म्हणजे १८० किलोमीटरवर १८० मीटर. म्हणून बाणाला मार्गदर्शन हवंच: जीपीएसचा ग्राहक, हलणारे पंख, बॅटरी. ५० ग्रॅमचा सर्किट बोर्ड ३२,००० जीला दीड टनाहून जड होतो, आणि शेजारी मोठं चुंबकीय क्षेत्र क्षणात उगवून क्षणात मावळत असतं. हे इलेक्ट्रॉनिक्स टिकवता येतं, पण मग ‘स्वस्त लोखंडी गज’ हा शब्दप्रयोग सोडून द्यावा लागतो. सुरुवातीला फैरीमागे २५,००० डॉलरचं स्वप्न होतं; नंतर आकडे ८५,००० च्या आसपास फिरू लागले.

तरीही २० लाख डॉलरच्या टॉमहॉकपुढे हे स्वस्तच, असं वाटेल. इथे झुमवॉल्टची गोष्ट डोळ्यांसमोर ठेवावी. दुसऱ्या महायुद्धातल्या आयोवा वर्गाच्या युद्धनौका १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला निवृत्त झाल्या. त्यांच्या १६ इंची तोफा ८६२ किलोचा स्फोटक गोळा ३८ किलोमीटरवर टाकत. किनाऱ्यावर उतरणाऱ्या मरीन सैनिकांना तो आधार गेला. पर्याय म्हणून झुमवॉल्टवर दोन १५५ मिलिमीटरच्या तोफा आल्या. त्यांच्यासाठी खास रॉकेट लावलेला, जीपीएसवर चालणारा गोळा बनवला, पल्ला शंभर किलोमीटरच्या वर. जहाजं ठरली होती ३२, बांधली ३. गोळ्यांची मागणी कोसळली, आणि एका गोळ्याची किंमत ८ लाख डॉलरच्या पुढे गेली. २०१६ च्या नोव्हेंबरात खरेदीच रद्द झाली. त्या तोफेत दुसरा कुठलाही गोळा बसत नव्हता, म्हणजे दोन अत्याधुनिक तोफा नुसत्या शोभेला. स्वस्त गोळा हा गोळ्याचा गुण कमी आणि ऑर्डरच्या आकाराचा जास्त. रेलगनचा बाण किती जहाजांसाठी बनला असता? दोन-चार. मग तो ८५,००० लाच थांबला असता हे मला पटत नाही.

सगळ्यात मोठा मुद्दा अंतराचा. रेलगनचा जाहीर पल्ला १०० ते ११० सागरी मैल, म्हणजे २०० किलोमीटरच्या आत-बाहेर. २००५ साली हे भारी वाटत होतं. १४ एप्रिल २०२२ रोजी रशियाची मॉस्क्वा ही क्रूझर काळ्या समुद्रात बुडाली तेव्हा ती युक्रेनच्या ओडेसा बंदरापासून शंभरेक किलोमीटरवर होती. मारा झाला तो किनाऱ्यावरच्या ट्रकवरून, नेपच्यून क्षेपणास्त्राने, आणि त्याचा पल्ला ३०० किलोमीटरच्या जवळपास. आता रेलगनवाल्या जहाजाच्या कप्तानाच्या जागी बसा. किनाऱ्यापासून ४० किलोमीटरवर आलात तर आत दीडशे किलोमीटर मारता येईल, पण तुम्ही प्रत्येक ट्रकच्या टप्प्यात. ३०० किलोमीटरवर सुरक्षित राहिलात तर तुमचा बाण किनाऱ्याला शिवतही नाही. टॉमहॉकवाला ५०० किलोमीटर दूर उभा राहून आणखी ११०० किलोमीटर आत पोचतो. वर रेलगनचा बाण उंच कमानीत जातो, तापलेला असतो, आणि रडारला त्या कमानीवरून उलट हिशेब करून जहाजाची जागा सांगता येते. जमिनीवरच्या तोफखान्याला ही भीती रोजची आहे. फैरी झाडून जागा बदलायची, हा त्यांचा शिरस्ता. जहाजाला मिनिटाला १० फैरींनी अर्धा तास भडिमार करायचा असेल तर ते एका पट्ट्यात अडकून पडतं.

एवढं झाल्यावर क्षेपणास्त्राची बाजू बिनतोड वाटेल. तशी ती नाही. त्याची खरी रड खणांची आहे. बर्क वर्गाच्या नव्या जहाजांवर क्षेपणास्त्रं उभी डागायचे ९६ खण असतात. सगळे टॉमहॉकला मिळत नाहीत. हवाई बचावाची आणि पाणबुडीविरोधी अस्त्रं त्यातच बसतात. ७ एप्रिल २०१७ ला सीरियातल्या शायरात विमानतळावर पोर्टर आणि रॉस या दोन जहाजांनी मिळून ५९ टॉमहॉक सोडली. एका तळासाठी, एका रात्री. धावपट्टी लक्ष्यात धरलीच नव्हती, कारण खड्डा बुजवायला काही तास पुरतात.

रिकामा खण भरायचा कसा? सुरुवातीच्या बर्क जहाजांवर ९० च खण आहेत, पुढे २९ आणि मागे ६१. प्रत्येक गटातल्या ३ खणांची जागा एका घडीच्या क्रेनने घेतली होती, समुद्रातच भरणी करता यावी म्हणून. प्रत्यक्षात ती क्रेन टॉमहॉक ज्यात बंद असतं तो डबा उचलूच शकत नव्हती, आणि हलक्या डब्यांनाही हलत्या जहाजावर सरळ धरून ठेवणं जिकिरीचं. डबा ६ मीटरहून लांब, वजन टनांत, आणि तो अगदी उभा, कडेला न घासता खाली सोडायचा. जहाज दोन अंशांनी डोललं तरी ६ मीटरच्या डब्याचं टोक २० सेंटीमीटर सरकतं. शेवटी क्रेन काढून टाकल्या आणि नव्या जहाजांना ६ खण परत मिळाले. म्हणजे खण संपले की बंदर गाठा. ११ ऑक्टोबर २०२४ रोजी सॅन दिएगोजवळ चोझिन या क्रूझरवर भर समुद्रात रिकामा डबा दोरांवरून आणून खणात उतरवून दाखवला. प्रात्यक्षिक छान झालं. रोजच्या वापरात ते यायला वेळ आहे.

मार्गाच्या आखणीचंही तसंच. १९९१ साली आखातात २८८ टॉमहॉक डागली गेली तेव्हा ती खालच्या जमिनीचे चढ-उतार मोजून नकाशाशी ताडत उडायची. सपाट वाळवंटात ताडायला चढ-उतारच नसतात, त्यामुळे मार्ग मोजके, आणि एकाच वाटेने पुन्हा पुन्हा येणाऱ्या क्षेपणास्त्राची वाट बघत बसणं शत्रूला सोपं. पुढे जीपीएस आलं, मग उडतानाच लक्ष्य बदलायची सोय आली. पण ताशी ८८० किलोमीटरचा वेग तोच राहिला. १६०० किलोमीटर जायला पावणेदोन तास लागतात, तेवढ्यात ट्रक निघून जातो.

म्हणजे रेलगनचं आकर्षण खोटं नव्हतं. स्फोटक दारू नसलेलं कोठार, शेकडो फैरी, समुद्रात भरता येणारा माल. ते गुण भलत्याच कामाला जुंपले, एवढंच. याच प्रकल्पातून निघालेला अतिवेगवान गोळा आज साध्या तोफांत जास्त उपयोगी दिसतो. ५ इंची तोफेतून तो ध्वनीच्या तिप्पट वेगाने निघतो, कपॅसिटर नको, नवं जहाज नको. सप्टेंबर २०२० मध्ये न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सवर १५५ मिलिमीटरच्या तोफेतून सुटलेल्या अशा गोळ्याने क्रूझ क्षेपणास्त्राची नक्कल करणारं लक्ष्य पाडलं. २ किलो टीएनटीएवढी ऊर्जा पुलाला क्षुल्लक असते, उडत्या क्षेपणास्त्राला चिक्कार.

जपानने हे ओळखलेलं दिसतं. त्यांची नळी ४० मिलिमीटरची, गोळा ३२० ग्रॅमचा, वेग सेकंदाला २,२३० मीटर. गुणाकार केला तर गोळ्यात ०.८ मेगाज्यूल, कपॅसिटरमध्ये भरतात ५. सोळा टक्के. मघाशी मी ३० टक्के धरले ते उदारपणेच. पण १२० फैरींनंतरही त्यांची नळी वेग टिकवून होती, आणि २०२५ मध्ये आसुका या चाचणी जहाजावरून त्यांनी समुद्रातल्या लक्ष्यनौकेवर मारा केला. जमिनीवरच्या माऱ्यावर त्यांचा भर दिसत नाही. पुण्यात पाषाणला डीआरडीओच्या एआरडीई या प्रयोगशाळेत जे रेलगनचं काम चालतं, तेही लहान नळीपासून चढत जाणारं आहे. २०१७ मध्ये १२ मिलिमीटरच्या चौकोनी नळीची चाचणी झाली, पुढची पायरी ३० मिलिमीटरची ठरली. हा क्रम शहाणपणाचा आहे.

जहाजावरून जमिनीवर मारा करायला आपल्या नौदलाने क्षेपणास्त्र वापरलं त्याला आता अर्धशतक उलटून गेलं. ८ डिसेंबर १९७१ च्या रात्री विनाश या छोट्या बोटीवर चारच क्षेपणास्त्रं होती, तीही जहाजं बुडवण्यासाठी बनवलेली. त्यांतलं एक कराचीत केमारीच्या तेलटाक्यांवर गेलं. आजच्या विशाखापट्टणम वर्गाकडे ब्रह्मोसचे १६ खण आहेत. विनाशच्या चौपट, आणि संपले की मुंबई किंवा विशाखापट्टणम गाठायचं, हे तेव्हासारखंच.

झुमवॉल्टचं म्हणाल तर ते ऑगस्ट २०२३ मध्ये मिसिसिपीतल्या पास्कागूलाच्या गोदीत गेलं. पुढची तोफ उपटून तिच्या जागी चार रुंद नळ्या बसवल्या, प्रत्येकीत तीन अतिस्वनातीत क्षेपणास्त्रं. रेलगनला पुरेल एवढी वीज असलेलं अमेरिकन नौदलातलं ते पहिलं लढाऊ जहाज. त्याने शेकडो गोळ्यांची जागा मोकळी करून बारा क्षेपणास्त्रं घेतली.